सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या आरोंद्यातून पूल ओलांडला की गोवा, त्यामुळे क्रिकेट आम्ही सगळ्या महाराष्ट्रासारखंच बघतो पण फुटबॉल म्हटलं की मान आपोआप दक्षिणेला वळते. २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नासर अशी मॅच होती, रोनाल्डो येणार म्हणून आमच्याकडची पोरं गाड्या करून गेली, रोनाल्डो काय आला नाही, मॅचपण २-१ ने गेली, तरी पोरं घसा बसवून खुशीत परत आली कारण रोनाल्डोच्या टीमला गोव्याच्याच एका पोराने गोल मारलेला. त्यानंतर १६ दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, देशातली फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग (आयएसएल), चालवायला कोण पुढे येतंय का म्हणून फेडरेशनने काढलेल्या टेंडरची मुदत संपली आणि एकही बोली आली नव्हती. म्हणजे टीम आशियात खेळतेय आणि घरच्या लीगची पहिली मॅच कधी, होणार की नाही, कुणालाच माहीत नाही. पुढे फेब्रुवारीत ती लीग छोटी करून कशीबशी सुरू झाली ती गोष्ट वेगळी, पण तेव्हा नाक्यावर जो वाद पेटला तो काय विझत नाही.

वाद असा. माझा भाचा म्हणतो खरा फॅन टीम बुडत असताना प्रश्न विचारत नाही, जर्सी घालून जातो आणि ओरडतो, बस. आमचे एक काका आहेत, जन्मभर मुंबईत नोकरी करून आता गावी आलेले, ते म्हणतात, "अरे पैशे तेचे, क्लब तेचो, बुडलो तर तो बुडतलो, तुमका कित्याक पोटात दुखता?" आणि तिसरे एक हिशोबी गृहस्थ, त्यांचं म्हणणं या सगळ्याच्या मुळाशी रेलिगेशन आहे, खालच्या लीगमध्ये ढकलायची भीती काढून टाका, मालक निवांत होतील, पैसा येईल, क्लब वाचतील. तिघांचाही आवाज मोठा आणि मला विचाराल तर तिघेही चुकीच्या जागी खणतायत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. क्लब खालच्या लीगमध्ये जाणं आणि क्लब बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॅनने पहिल्या गोष्टीवर रडावं, पण घाबरायचं असेल तर दुसरीला घाबरावं, आणि त्या दुसऱ्या गोष्टीत सगळा प्रश्न एवढाच असतो की सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या ना, लांब कशाला जायचं. डेम्पो हा पाच वेळा भारताचा चॅम्पियन झालेला क्लब, आमच्या वडिलांच्या पिढीला डेम्पो आणि साळगावकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २०१४-१५ मध्ये डेम्पो आय-लीगमधून, म्हणजे जुन्या राष्ट्रीय लीगमधून, खाली गेला. बाकी सगळं सोडा, डेम्पो खाली गेला हे ऐकून लोकांना कसं वाटलं असेल? पण मेला का? पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर यायचा हक्क मिळवला, मग २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो तिघांनी फेडरेशनच्या नव्या आराखड्यावर चिडून आय-लीग सोडली, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, आणि २०२४-२५ मध्ये डेम्पो परत आय-लीगमध्ये आला. आता दुसरीकडे बघा. महिंद्रा युनायटेड, मुंबईचा क्लब, २००५-०६ चा राष्ट्रीय लीगचा चॅम्पियन. हा क्लब २०११ मध्ये संपला. खाली गेला म्हणून नाही हां, कंपनीने ठरवलं की आता सीनियर टीम नको, म्हणून. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद. खाली गेलेला जिवंत आहे आणि वर असलेले दोन गेले, मग रेलिगेशनला शिव्या घालून काय मिळणार?

आता समोरच्याची बाजू लंगडी करून सांगण्यात मजा नाही, त्यामुळे रेलिगेशन काढा म्हणणाऱ्यांचं जे सगळ्यात मजबूत आहे ते आधी मान्य करतो. खाली जाणं स्वस्त नसतं. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेलं की टीव्हीचा पैसा इतका धाडकन पडतो की खाली गेलेल्या क्लबांना पॅराशूट पेमेंट म्हणून काही वर्षं वेगळा पैसा द्यावा लागतो, नावच बघा, पॅराशूट, म्हणजे पडणार हे धरूनच चाललेत. चांगले खेळाडू निघून जातात, स्पॉन्सर हात आखडता घेतो, आणि ऑफिसात चहा देणाऱ्या, गवत कापणाऱ्या माणसाची नोकरी आधी जाते, ज्याने एकही पेनल्टी चुकवलेली नसते. आपल्याकडे तर टीव्हीचा पैसाच नावाला, वरच्या लीगमध्येसुद्धा मालक तोट्यात, मग खालच्या लीगमध्ये जाऊन तोटा कोण सोसेल? हा प्रश्न खरा आहे, त्याला हसून चालणार नाही.

पण मग हे सांगा, आयएसएल २०१४ पासून चालू आहे आणि तिथून २०२४-२५ पर्यंत तळाला राहिला म्हणून एकतरी क्लब खाली गेला का? २०२४-२५ ला मोहम्मेडन स्पोर्टिंग तळाला राहिला, १८९१ चा क्लब, पगार थकलेले, खेळाडूंनी ट्रेनिंगवर बहिष्कार घातलेला, आणि रेलिगेशनच नसल्यामुळे होता तिथेच राहिला. त्याचे पैशाचे प्रश्न सुटले का? २०२५ च्या उन्हाळ्यात लीग लटकल्यावर बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले, चेन्नईने काम थांबवलं, ओडिशानेही तेच केलं, यातला एकही क्लब खाली जायच्या भीतीने थांबला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली, आणि मग २०२५ मध्ये तो हैदराबादचा क्लब उचलून दिल्लीला. खालची पायरी काढून टाकली म्हणून घर पडायचं थांबत नाही हो, पाया बघावा लागतो. उलट रेलिगेशन असतं तर निदान जानेवारी फेब्रुवारीत तळाच्या मॅचला लोक गेले असते. चर्चिल ब्रदर्स २०१२-१३ ला चॅम्पियन आणि लगेच पुढच्या वर्षी रेलिगेट, हे ज्याने बघितलंय त्याला विचारा त्या सीझनच्या शेवटच्या मॅचेस विसरता येतात का.

काकांचं म्हणणं मात्र इतक्या पटकन उडवता येत नाही. पैसे त्याचे, क्लब त्याचा. गोव्याचे हे जुने क्लब कुणी चालवले? डेम्पो, साळगावकर ही खाणवाली घराणी. आमच्या रेडीलाही लोखंडाच्या खाणी आहेत, खनिज घेऊन धावणारे ट्रक आणि लाल झालेला रस्ता आम्हाला नवीन नाही, त्याच मातीतून आलेल्या पैशावर एवढी वर्षं पगार झाले, खेळाडू घडले, आणि आम्ही काय दिलं? चार आण्याचं तिकीट, आणि ते पण ओळखीने मिळालं तर फुकट. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा त्या घराण्यांनी क्लबवर खर्च करत राहायचं असा हट्ट आम्ही कुठल्या तोंडाने धरायचा? फुकटचे फौजदार म्हणतात ते यालाच. मालकाने घातलेला पैसा हा काही उपकार नसतो असं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत, उपकार असतोच, आणि तो मानायला लाज कसली.

पण उपकार आणि मालकी यात फरक आहे की नाही? देवळाला घंटा दिली म्हणून देऊळ तुमचं होतं का? आमच्याकडे जत्रेत दशावताराची कंपनी येते, मोचेमाडकर म्हणा, आजगावकर, वालावलकर, पार्सेकर, या कंपन्यांना मालक असतातच, मालक पेटारा सांभाळतो, पैसे घालतो, नटांना बोलावतो, सगळं मान्य. पण ठरलेल्या जत्रेला ठरलेली कंपनी येते हा जो मान आहे तो मालकाने बाजारातून विकत आणलेला नसतो, तो गावाने दिलेला असतो आणि पिढ्यानपिढ्या पाळलेला असतो. उद्या मालक म्हणाला की यंदा आमच्या नावाने ही नाटकं दुबईला होतील आणि तुमच्याकडे कुणीच येणार नाही, तर कायद्याने तो बरोबर असेलही, गाव त्याला काय म्हणेल ते इथे लिहिता येत नाही. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं हेच झालं. २००३ मध्ये क्लबच उचलून मिल्टन कीन्सला नेला, लंडनच्या बाहेर, लांब. फॅन्सनी काय केलं? त्याच्या आधीच, २००२ मध्ये, स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी तळाच्या लीगमधून, आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला, २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर, म्हणजे त्याच रस्त्यावरच्या नव्या मैदानावर परत आला. मालकाकडे कागद होता. पण लोक ज्याला विम्बल्डन म्हणत होते तो क्लब त्या कागदात नव्हताच.

मालकाचा पैसा म्हणतो तेव्हा तो खरंच मालकाचाच असतो का हेही एकदा बघायला हवं. इंग्लंडच्या लीड्स युनायटेड क्लबची गोष्ट आमच्या आंबेवाल्यांना एका वाक्यात कळेल. मोहोर बघून वाशीच्या दलालाकडून उचल घेतली, त्यात गाडी घेतली, आणि मग फेब्रुवारीत ढग आले. लीड्स २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, सेमीफायनलला होता, पुढची वर्षंही तिथे खेळणारच हे गृहीत धरून कर्ज उचललेलं, ते हुकलं, खेळाडू एकामागून एक विकले, २००४ मध्ये क्लब खाली गेला, त्याच वर्षी मैदानसुद्धा विकलं आणि भाड्याने राहायला लागले, आणि २००७ मध्ये तिसऱ्या पातळीवर. इथे रेलिगेशनने क्लब बुडवला की बुडालेल्या क्लबचं रेलिगेशन झालं? मला यातलं दुसरं दिसतं. मोहोरावर उचल घेणाऱ्याने वानराला दोष देऊ नये. (वानरांचा त्रास खरा आहे, तो वेगळा विषय आहे, त्यावर मी दोन दिवस बोलू शकतो.)

आणि ज्याला अजूनही वाटतं की टेबलात वर असलं की सगळं ठीक, त्याने बरी नावाच्या क्लबचं बघावं. मँचेस्टरजवळचं गाव, १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी मानाची स्पर्धा, जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हा क्लब एका माणसाने १ पौंडाला घेतला, हो एक पौंड, आमच्याकडे त्यात बांगड्याचा वाटापण येत नाही. २०१९ च्या सीझनमध्ये खेळाडूंचे पगार थकलेले असताना टीम दुसरी आली आणि वरच्या लीगमध्ये गेली. वर गेली! आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला, पैशाची हमी दाखवता आली नाही म्हणून क्लब लीगमधून कायमचा बाहेर. त्या दिवशी सकाळी फॅन्स मैदानावर झाडू आणि बादल्या घेऊन आलेले, कोणीतरी विकत घेणार असं ऐकलेलं, पुढची मॅच होणार म्हणून खुर्च्या पुसत होते. माझ्या भाच्याला मी हे सांगतो की बाबा तुझ्यापेक्षा खरे फॅन ते, प्रश्न न विचारता शेवटच्या दिवसापर्यंत खुर्च्या पुसल्या, आणि संध्याकाळी क्लब नव्हता.

म्हणून म्हणतो सातबारा. कोकणी माणसाला सामायिक सातबाऱ्याचा वैताग काय असतो ते सांगायला नको. आमच्या घराच्या उताऱ्यावर आजोबांच्या चार भावांचा सगळा गोतावळा आहे, कुणी डोंबिवलीला, कुणी बडोद्याला, दोघं वारलेत आणि त्यांच्या वारसांची नोंद अजून व्हायचीय. कौलं बदलायची तरी सगळ्यांचे फोन. आम्ही या प्रकाराला आयुष्यभर शिव्या घातल्या. पण हायवेचं काम आलं, किनाऱ्याला हॉटेलवाले फिरायला लागले, एजंट गावोगावी बॅग घेऊन फिरले, तेव्हा ज्यांच्या उताऱ्यावर एकच नाव होतं त्यांच्या जमिनी एका सहीत गेल्या, आणि आमची राहिली, का तर सगळ्यांच्या सह्या जमवेपर्यंत एजंटच कंटाळला. जर्मनीत बुंडेसलीगामध्ये ५०+१ नावाचा नियम आहे तो हाच. क्लबच्या मतांमध्ये निम्म्याहून एक तरी मत जास्त सभासदांच्या हातात राहिलं पाहिजे, पैसेवाल्याने पैसे घालावेत, पण एकट्याच्या सहीने विकता येणार नाही. पळवाटा आहेत, लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांचेच क्लब, लाइपझिगने नियम पाळून नियमाची थट्टा केली. तरीपण उताऱ्यावर नावं जास्त असली की सही महाग होते एवढं तर खरं.

बर्लिनचा युनियन क्लब २००४ मध्ये पैशाने खलास झालेला, खाली जात होता, लायसन्स जायची वेळ आली तेव्हा फॅन्सनी रक्तदान केलं आणि त्याचे जे पैसे मिळतात ते क्लबला दिले. पुढे २००८ मध्ये मैदान मोडकळीला आलं तर २००० च्या वर माणसांनी १,४०,००० तास श्रमदान करून ते बांधलं. श्रमदान हा शब्द आपल्याला शाळेत बंधारा बांधायला नेतात तेव्हाच ऐकायला मिळतो. हा क्लब २००४ आणि २००५ असा लागोपाठ दोनदा खाली गेला, चौथ्या पातळीपर्यंत, आणि २०१९ मध्ये बुंडेसलीगात आला. रेंजर्सचं पण तेच, २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत, स्कॉटलंडच्या चौथ्या पातळीवरून सुरुवात, आणि तिथल्या पहिल्याच घरच्या लीग मॅचला ४९,११८ माणसं. चौथ्या पातळीच्या मॅचला! जो क्लब लोकांना आपला वाटतो तो खाली जाऊन मरत नाही.

बरं, सामायिक सातबाऱ्याचं दुसरं अंगही आहे, ते लपवून काय होणार? सामायिक घर विकलं जात नाही तसं दुरुस्तही होत नाही. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, पावसाळ्यात भिंत बसते आणि सगळे डोंबिवलीहून फोटो मागवतात. आणि लोकांची कंपनी म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही, हे आमच्याइतकं कुणाला माहीत असेल? स्वदेशीच्या काळात गोऱ्या कंपन्यांच्या बोटींना पर्याय म्हणून सहकारी तत्त्वावर इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनी निघाली, लोक तिला प्रेमाने माझी आगबोट कंपनी म्हणायचे. माझी आगबोट! क्लबला याहून चांगलं नाव सुचेल का? आणि १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, ६०० हून जास्त माणसं गेली, ती याच कंपनीची होती. आपलं म्हणून घेतलं की हिशोब बघायचा नाही, किती माणसं चढली मोजायचं नाही, असं होत नसतं. पोर्ट्समथच्या फॅन्सना हे बरोबर कळलेलं. २००८ चा एफए कप जिंकलेला क्लब, २०१० मध्ये दिवाळखोरीच्या दारात, २०१२ मध्ये परत, २०१३ मध्ये चौथ्या पातळीवर. तेव्हा २००० हून जास्त फॅन्सनी प्रत्येकी १००० पौंडाचा शेअर घेऊन क्लब सोडवला, कर्ज फेडलं, चार वर्षं कंजुषीने चालवला, आणि २०१७ मध्ये मैदान दुरुस्त करायला आपल्याकडे पैसे पुरणार नाहीत हे दिसल्यावर मतदान घेऊन एका अमेरिकन श्रीमंताला विकला. काहीजण याला हार म्हणतात. मला नाही वाटत. विकायचा की नाही हे विचारलं गेलं, हिशोब समोर ठेवून विचारलं गेलं, आणि घेणारा बघून विकला गेला, याच्यापेक्षा जास्त मालकी आणखी काय असते.

आता भाच्याचा मुद्दा, जायचं की बहिष्कार टाकायचा. योगायोग बघा, २२ ऑक्टोबर २०२५ लाच, ज्या रात्री आमची पोरं फातोर्ड्याला होती, इंग्लंडात शेफिल्ड वेन्सडेच्या फॅन्सनी स्वतःच्या घरच्या मॅचवर बहिष्कार घातलेला. १८६७ चा क्लब, पगार वारंवार थकलेले, मैदान काही वर्षांपूर्वी मालकाने आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलेलं. स्टँडच्या स्टँड रिकामे. दोन दिवसांनी क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे मालकाच्या हातातून चाव्या गेल्या आणि बाहेरचा माणूस हिशोबाला बसला, शिक्षा म्हणून १२ गुण कापले, टीम तळाला. आणि शनिवारी त्याच मैदानावर लोक परत आले, क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या. बुधवारी न जाणारे आणि शनिवारी जाणारे तेच लोक होते, मग यात निष्ठा कुठल्या दिवशी होती? कव्हेंट्रीचं याहून भारी. २०१३ मध्ये क्लब भाड्याच्या भांडणात नॉर्थहॅम्प्टनला खेळायला नेला तेव्हा फॅन्स तिकीट काढून आत गेले नाहीत, मैदानाबाहेरच्या टेकडीवर थंडीत उभे राहून मॅच बघितली. मालकाला एक पै नाही आणि टीमकडे पाठ पण नाही. आमच्या भाच्याला ही टेकडी फार आवडली, म्हणाला आपल्याकडे टेकड्यांना कमी नाही.

काका एवढं सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या गिरणीत पण आमी बोनसाक भांडलो." ते थट्टेत म्हणाले असतील, पण मला ते लागलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार, त्यातले केवढे तरी आमच्या सिंधुदुर्ग रत्नागिरीचे, पगार आणि बोनसवर भांडत होते आणि ते भांडण खरंच होतं, पण गिरण्यांची खरी किंमत तोपर्यंत मागात नव्हती, खालच्या जमिनीत होती, आणि तिच्या उताऱ्यावर यांचं नाव नव्हतं. आज लोअर परळला जाऊन बघा तिथे काय उभं आहे. फुटबॉल क्लबमध्ये पण मालक हरायला लागला की पहिली नजर मैदानाकडे जाते, हे लीड्समध्ये झालं, शेफिल्डमध्ये झालं. फॅन कोचवर ओरडत बसतो. कोच बदला, कोच बदला. कोच बदलतो, आणि मैदान कधी दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेलं ते पेपरात आतल्या पानावर येतं. इंग्लंडने यावर शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये कायदाच केला, स्वतंत्र रेग्युलेटर आला, मैदान विकायचं किंवा क्लबचं बोधचिन्ह, रंग बदलायचे तर मालकाला आता मनाला येईल तसं करता येणार नाही, फॅन्सना विचारावं लागेल. एवढे क्लब गेल्यावर सुचलं त्यांना, पण सुचलं तरी.

आपल्याकडे लगेच क्लब लोकांच्या मालकीचे होतील असं स्वप्न मी बघत नाही, आमच्या पतसंस्थांचे अनुभव ताजे आहेत आणि ५००० रुपयांचा शेअर घेऊन गेली सात वर्षं मी एका सोसायटीच्या मीटिंगची नोटीस येण्याची वाट बघतोय. पण मागायला सुरुवात तर कुठूनतरी होईल ना? मला वाटतं दोनच गोष्टी मागाव्यात. क्लबचा हिशोब दर सीझनला उघडा करा, पगार किती महिन्यांचे थकलेत ते खेळाडूने ओरडल्यावर नाही, आधी कळू दे. आणि क्लबचं नाव, रंग आणि गाव यांना हात लावायचा तर सीझन तिकीट घेणाऱ्यांची संमती घ्या, एवढ्यापुरतं तरी आमचं नाव इतर हक्कात चढवा. यात मालकाचा एक रुपया जात नाही, त्याच्या खिशात आम्ही हात घालत नाही. ज्याला हेही जड जातं, तो क्लब चालवायला आलाय की जागा बघायला आलाय?

भाचा परवा विचारत होता, मामा मग एफसी गोव्याच्या पुढच्या मॅचला जाऊ की नको. जा म्हटलं, जर्सी घाल, ओरड, आणि येताना तिकिटाचा तुकडा फेकू नको. का विचारलं तर म्हटलं, उद्या कोणी विचारलंच की तुझा काय संबंध, तर दाखवायला काहीतरी पाहिजे हातात. काका म्हणाले, "तेका तलाठी इचारूचो नाय." नाही विचारणार, माहीत आहे मला. तरी त्याने कपाटात एक डबा केलाय, फातोर्ड्याचं ते २२ ऑक्टोबरचं तिकीट त्यात सगळ्यात खाली आहे.